बाबांचा वस्तरा आणि ह्यांचा गाल

रविवार, १० नोव्हेंबर

माळ्यावरच्या ट्रंकेत बाबांचा वस्तरा सापडला. दुमडता, शिंगाच्या मुठीचा. पात्यावर थोडा गंज, पण पोलाद जातिवंत. नखाने टिचकी मारली तर वाजतं. बाबांचे गाल अजून आठवतात, काचेसारखे. आज कारण कळलं.

हे स्टेशनसमोर देवेशच्या सलूनमध्ये दाढी करतात. देवेश वस्तऱ्यात अर्धं ब्लेड अडकवतो आणि दाढी झाली की फेकून देतो. फेकायच्या वस्तूत गुण कुठून येणार?

८ डिसेंबरला शेलूला समीक्षाचा स्वप्नीलशी साखरपुडा. मुलीच्या बापाचा चेहरा फोटोत चकाकला पाहिजे. ठरलं: यापुढे ह्यांची दाढी मी करणार. बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं आहे. एक गाल काय जड आहे?

संकल्प: घाई करायची नाही. दाढी करताना बोलायचं नाही. ह्यांचंही मत घ्यायचं.

ह्यांचं मत घेतलं. नको म्हणाले. नोंद केली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

नुसतं पोलाद पुरत नाही. वस्तरा चांगला की वाईट हे दगड ठरवतो. चटणीचा पाटा खरखरीत निघाला, म्हणून ओट्याच्या कडप्प्यावर पाणी मारून घासलं. ओट्यावर चरे पडले, पण धार आली. आधी टोमॅटोवर चाचणी. साल अलगद निघाली. टोमॅटोची काही तक्रार नाही.

मग ह्यांचा उजवा गाल. ओढतंय म्हणाले. मी म्हटलं, ओढत नाही, तुम्हाला तसं वाटतंय. मग थोडं समजावून सांगावं लागलं, म्हणून बोलणं झालं. उद्यापासून बोलायचं नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

चूक सापडली. दगडानंतर चामडं लागतं. धारेवर उभी राहिलेली अदृश्य कूस चामड्यावर घासून खाली बसते, त्याशिवाय वस्तरा ओढणारच. (मंगळवारी मी नाही म्हटलं होतं, पण तेव्हा माहिती अपुरी होती.)

ह्यांचा कमरेचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधला. वस्तरा वर-खाली, वर-खाली. पट्ट्याचे दोन तुकडे झाले. म्हणजे धार किती होती ते बघा. ह्यांची पँट सध्या पायजम्याच्या नाडीवर आहे. बँकेत पेन्शनसाठी जायचं होतं, पुढे ढकललं.

डावा गाल केला. तीन ठिकाणी कापलं. मी तुरटी लावली, हे ओरडले. समीक्षा बँकेतल्या नोकरीवरून आली तर म्हणाली, आई, बाबांना मांजर चावलं का गं? हल्लीच्या मुलांना निरीक्षण शिकवलंच जात नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

पोलाद, दगड, चामडं, फेस, कोन, सगळं निर्दोष. तरी दाढी नीट होत नाही. शास्त्राचा नियम आहे की एकेक कारण वगळत गेलं की जे उरतं तेच कारण असतं. चेहरा उरतो.

ह्यांचा चेहरा वस्तऱ्याला पोषक नाही. हनुवटीला खळगा. गाल ताणला की परत जातो. शिवाय माणूस सारखा गिळतो. मी म्हटलं, गिळू नका. म्हणाले, भीतीने तोंडाला पाणी सुटतं. असं होतं असं मी कुठेही वाचलेलं नाही.

रविवार, २४ नोव्हेंबर, सकाळी

आज मिशीच्या कडा रेखीव करत होते. हात अगदी स्थिर होता. तेवढ्यात ह्यांना शिंक आली.

डावी बाजू किंचित आत गेली. उजवी तिच्याशी जुळवली. मग उजवी जास्त गेली, म्हणून डावी जुळवली. समतोल शेवटी साधला, पण मिशी उरली नाही.

हे आरशासमोर बराच वेळ उभे होते. डोक्यावर मुळात केस नाहीत, आता खालीही काही नाही. मी म्हटलं, तरुण दिसता. उत्तर आलं नाही. समाधानी माणूस फार बोलत नाही.

सोमवार, २५ नोव्हेंबर

दोन सुधारणा ठरवल्या. चामड्याच्या आधी वस्तरा जाड सुती कापडावर फिरवायचा. आणि दगड भिजवायला धातूचं भांडं नको, मातीचं हवं. ह्यांना बाजारात पाठवलं: दोन मीटर पांढरा मांजरपाट, एक मडकं, आणि जखमांसाठी कापूस. घाईत खांद्यावरचा पांढरा पंचा तसाच राहिला.

परत येऊन म्हणाले, दुकानदार ह्यांना बघून जागचा उठला, हात जोडले, घासाघीस न करता भाव कमी केला आणि मडकं स्वतः रस्त्यापर्यंत आणून दिलं. वाटेत भेटलेल्या कुणीही मोठ्याने हाक मारली नाही.

बाजारात आपल्या माणसाला एवढा मान आहे हे माहीत नव्हतं. चेहरा स्वच्छ असला की फरक पडतो.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

सकाळपासून बेल. पहिली शेजारची विनिता. हातात पिठलं-भाताचा डबा, डोळे ओले. दार मी उघडलं तर दचकलीच. म्हणाली, अगं बाई, तुम्ही आहात होय, मला वाटलं तुम्हीच. वाक्य अर्धंच टाकून वळली. डबाही परत घेऊन गेली.

मग कोपऱ्यावरचा मनोज, पांढऱ्या कपड्यात. ह्यांच्या शेजारी बसला, पाठीवर हात ठेवला. मग म्हणाला, आजींचं वय काय होतं? मी म्हटलं, सासूबाईंना अठ्ठ्याऐंशी चालू आहे. म्हणाला, चालू?

तेव्हा उलगडा झाला. मिशी उतरवलेली, डोकं गुळगुळीत, वर मांजरपाट आणि मडकं. अख्ख्या कर्जतने आमच्याकडे मयत झालंय असं ठरवलं. निम्म्यांनी लोधिवलीच्या सासूबाईंना घालवलं, निम्म्यांनी मला.

लोकांना पुराव्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

बुधवार, २७ नोव्हेंबर

शेलूहून विहीणबाईंचा फोन. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, झालं ते वाईट झालं, साखरपुडा वर्ष झाल्यावर बघू. ह्यांनी सांगितलं, अहो, आई ठणठणीत आहे. त्या म्हणाल्या, होय हो, असंच म्हणतात, आमच्या आळीत पण एका घराने कार्य उरकेपर्यंत मयत दाबून ठेवलं होतं, पुढे पोरीला किती त्रास झाला.

मी फोन घेतला. पातं, धार, चामडं, शिंक, सगळं क्रमाने समजावलं. त्या म्हणाल्या, ताई, धक्का बसलाय तुम्हाला, आराम करा.

समीक्षा खोलीत कोंडून बसली आहे. दाराआडून म्हणाली, स्वप्नील मार्चमध्ये तीन वर्षांसाठी दुबईला जातोय, हे तुला माहीत होतं ना गं? माहीत होतं. वस्तरा ट्रंकेत ठेवला. कुलूप लावलं नाही.

रविवार, १ डिसेंबर

दीर हरेश यांचा तोडगा. म्हणाले, वहिनी, बोलून काय होणार नाय, म्हातारीच नेऊन दाखवू. लोधिवलीहून सासूबाईंना टेंपोत खुर्ची टाकून आणलं. आम्ही कर्जतहून चढलो. ह्यांना बघताच त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि विचारलं, नागू, कोण गेला रं? हे म्हणाले, कुणी नाही. त्या म्हणाल्या, मग सूनबाय तर हितंच हाय. मला आवाजात निराशा जाणवली, पण टेंपोचा आवाजही होता.

शेलूला विहीणबाईंच्या ओसरीवर त्या उतरल्या. म्हणाल्या, मी हाय, मेली नाय, च्या टाका. चहा आला. यात साखर नाय, आमच्यात पावण्याला असा च्या देत नाय. मग भिंतीच्या रंगाला नाव ठेवलं, मग विहीणबाईंच्या भावाला ते मुंडारी, म्हणजे बोडक्या डोक्याने, बसले म्हणून झापलं. विहीणबाई हळूच मला म्हणाल्या, नाही, आहेत खऱ्या. तारीख कायम.

पाहिलंत, सत्य टिकतं. समीक्षा माझ्याशी बोलली. म्हणाली, वस्तरा कुठेय?

सोमवार, ९ डिसेंबर

काल साखरपुडा झाला. एकंदर यशस्वी.

ह्यांच्या ओठावर पांढरे खुंट आले होते, फोटोत दिसले नसते. समीक्षाने आयब्रो पेन्सिलने मिशी काढली. छान जमली. मग व्याही गळ्यात पडले आणि मिशी त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर गेली. सगळे फोटोग्राफ त्यानंतरचे आहेत.

फोटोआधी हनुवटीला शेवटचा हात फिरवावा म्हणून वस्तरा पर्समध्ये ठेवला होता. खालापूरहून आलेल्या हिरामणला, माझ्या धाकट्या भावाला, अभिमानाने दाखवला. त्याने उलटसुलट केला आणि म्हणाला, ताई, हा तर आपल्या चंद्रीचा. मी विचारलं, कोण चंद्री? म्हणाला, म्हैस गं आपली. बाबा उन्हाळा लागला की याच वस्तऱ्याने तिला भादरायचे. स्वतः जन्मभर सलूनमध्ये जायचे, ब्लेडने करायचे.

हे शेजारीच उभे होते. ह्यांचा हात गालावर गेला.

रविवार, १५ डिसेंबर

शांतपणे विचार केला. प्रयोगात दोष नव्हता. चंद्री उन्हाळाभर कशी चकाकायची ते मला स्पष्ट आठवतं. म्हणजे पोलाद उत्तम, धार उत्तम. चेहऱ्याबद्दलचा माझा अंदाज पहिल्यापासून बरोबर होता. फक्त चेहरा चुकीच्या प्राण्याचा होता.

हे सकाळीच देवेशकडे गेले. नव्या पट्ट्यासह. तिथून दोन तास आले नाहीत. दाढीला एवढा वेळ लागत नाही. विनिता म्हणाली, सलूनच्या बाकावर डोळे मिटून बसले होते, दाढी कधीच झाली होती.

दुपारी वस्तरा घेऊन खालच्या आळीत मंगळ्याच्या गोठ्यावर गेले. त्याची म्हैस अंगाने मोठी, कातडी ताणलेली, आणि सारखी गिळत नाही. फुकट भादरून देते म्हटलं. मंगळ्या आधी माझ्याकडे बघत राहिला, मग म्हशीच्या आणि माझ्या मधे येऊन उभा राहिला. म्हणाला, नको बाई, पाया पडतो, हिला बुधवारी बघायला येणार हायेत.