प्रोफेसर चनमल्लप्पांची पेटी कोणाला

गुरुबसप्पा, कपाळावर चष्मा चढवून घरभर चष्मा शोधणारा माणूस तू. आईने तोंडी सांगितलेले तुझ्या डोक्यात दुपारपर्यंतही टिकणार नाही. म्हणून हा कागद.

मी शरणम्मा, राहणार सात रस्त्याजवळ, सोलापूर, वय पंच्याऐंशीच्या आसपास (इंग्रजांची मोठी राणी मेली तेव्हा मी परकर नेसत होते, हिशेब ज्याचा त्याने करावा), पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र सांगते. मला अक्षर येत नाही. बहिणीचा मुलगा सिद्धप्पा लिहितो आहे. कायद्याचे शब्द त्याचे, बाकीचे माझे.

कलम एक. राहते घर माझ्या वडिलांनी जादूच्या खेळाच्या कमाईतून बांधून माझ्या नावे केले. ते माझ्यामागे मुलगा गुरुबसप्पा याला मिळावे. मात्र कलम तीनमधली अट पाळली तरच.

कलम दोन. पोस्टातल्या शिलकेतून माझी माती करावी. आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवून पुरावे, हातात इष्टलिंग द्यावे. कोणी हौसेने वडिलांचे खेळातले पितळी चेंडू माझ्याजवळ ठेवू नयेत. कैलासात खेळ मागतील, आणि माझे गुडघे आता उभे राहू देत नाहीत. उरलेली रक्कम मठाच्या दासोहाला, म्हणजे अन्नदानाला. माझी नवी घोंगडी शेजारच्या रंभाबाईला. माझ्या लग्नात "गारुड्याची पोर" म्हणून ती नाक मुरडून हसली होती. थंडीत तिला गारुड्याची ऊब लागू दे.

कलम तीन. वडिलांची पेटी.

माझे वडील चनमल्लप्पा मैंदर्गीचे. तेलाच्या दुकानात बसून लिंबे उडवायचे. गिऱ्हाईक तेल विसरून लिंबेच बघू लागले, तेव्हा आजोबांनी हाकलून दिले. मग ते नाटक मंडळीबरोबर हिंडले. आत पडदा बदलेपर्यंत पुढे येऊन चेंडू, थाळ्या, चाकू उडवायचे, रिकाम्या मुठीतून रुमाल काढायचे. पुढे स्वतःचा खेळ झाला, काळा कोट आला, नावामागे 'प्रोफेसर' लागले. ती पदवी पाटी रंगवणाऱ्याने दिली. मी त्यांच्या टोपलीत बसून नाहीशी होणारी मुलगी.

एकदा सोलापुरात गोऱ्या साहेबापुढे खेळ झाला. वडिलांनी त्याचे घड्याळ मुठीत घालवले. साहेबाला त्यांच्या कोटाखाली छातीवर फुगवटा दिसला. "ते काढून दाखव," म्हणाला. ते चांदीच्या डबीतले इष्टलिंग होते. आपल्यात ते जिवंतपणी अंगावेगळे करत नाहीत. वडील म्हणाले, "साहेब, मान काढून देतो. ह्ये न्हाय." टोपलीच्या फटीतून मी बघत होते. साहेबाची खात्री झाली की सगळी जादू तिथेच आहे. मग वडिलांनी सावकाश बाह्या दुमडल्या आणि घड्याळ मडमेच्या टोपीतून काढले. सगळ्यांचे डोळे छातीवर. हातांकडे बघायला कोणी उरलेच नव्हते.

घरी येताना म्हणाले, "शरणी, जे दाखवनार न्हाय म्हनशील, लोक तितंच बघत्यात. हात मोकळे ऱ्हात्यात."

त्या जोरावर त्यांनी पुष्कळ गावे गाजवली. पुढे बायोस्कोप आला आणि मांडव ओस पडले. शेवटी शेवटी शाळेतल्या पोरांना खेळ दाखवून त्यांच्याकडून मूठभर चणे घ्यायचे. पेटी मात्र विकली नाही.

ती पेटी मी नात रत्नम्मा हिला देते. मिरजेकडच्या एका सर्कशीने तिला बोलावले आहे. तिचा बाप म्हणजे तू, जाऊ देत नाहीस. परवा म्हणालास, "अव्वा, पोरीनं चार लोकांत चाकू उडवायचे व्हय?"

मी म्हटले, "तुज्या आज्यानं उडवले, त्या चाकूंवर ह्ये घर हुबं हाय. छपरावर बसून पायाला लाजतोस व्हय रं?"

"पेटीला कुलूप घातलंय मी."

घाल की. इतके दिवस मी घराचा कागद दाखवत नाही म्हणून तू माझ्याशी भांडत होतास. तुझे डोळे कागदावर, आणि तिकडे स्वयंपाकघरात रत्ना आधी कांदे, मग लाटणी, मग चाकू उडवायला शिकत होती. कुलूप रिकाम्या पेटीला घातले आहेस. सामान ज्वारीच्या कणगीत आहे.

अट अशी: रत्नम्माला सर्कशीत जायला अडवले, किंवा अडवण्यासाठी घाईने लग्न लावले, तर घर तिचे. जाऊ दिले तर घर तुझे, आणि त्यातली पुढची खोली कायम तिची. हरून आली तरी, जिंकून आली तरी.

तू वाईट नाहीस. लहानपणी आज्याचा चाकू तुझ्या पायाशी पडला, तेव्हापासून घाबरतोस, हे मला ठाऊक आहे. घाबर. पण वाट सोडून बाजूला उभा राहून घाबर.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे मला वाचून दाखवले. सिद्धप्पाने माझी दोन वाक्ये सभ्य केली होती, ती पुन्हा होती तशी करून घेतली.

शरणम्मा हिच्या डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: १. ईरप्पा, पिठाची गिरणी (सही) २. मायाक्का, गल्लीतली सुईण (अंगठा)
लिहिणार: सिद्धप्पा (सही)
स्थळ: सोलापूर. दिनांक: ११ फेब्रुवारी १९७४

अंगठा उमटल्यावर मावशीने आणखी सांगितले, ते साक्षीदारांसमोर लिहून खाली पुन्हा अंगठा घेतला:

रत्ना जिथे खेळाला असेल तिथे घरून डबा पाठवावा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सणाला शेंगापोळी, तीही कोरडी. तुपाच्या बोटातून चाकू निसटतो. तूप वेगळ्या बरणीत बापाने स्वतः घेऊन जावे, आणि खेळ संपल्यावर तिच्या पोळीवर वाढावे.