श्वास रोखायचा नाही

१४ मे, रविवार

मोहितने फॉर्म पाठवले. दोन! मी एकच मागितला होता.

मोहित म्हणजे माझ्या बायकोचा, निशाचा धाकटा भाऊ. तीन वर्षं झाली, थायलंडमधल्या कोह ताओ नावाच्या बेटावर हॉटेलात स्वयंपाकी आहे. दर उन्हाळ्यात या या म्हणतो, यंदा जमलं. फोनवर म्हणाला होता, "जिजाजी, तापीत एवढं पोहता, इथं समुद्राच्या तळाशी जाऊन बघा. पाठीवर हवेची टाकी बांधून नेतात." तेव्हापासून डोक्यात तेच. इथे बऱ्हाणपूरच्या राजघाटावर सगळ्यांना सांगून झालं. कौतिककाका म्हणाले, "मास्तर, तुमाले कोन काय शिकवीन? तुम्हीच त्याईले शिकवसान." खरंच आहे. वीस वर्षं शाळेत खेळ शिकवतोय, आमच्या शनवारा मोहल्ल्याची अर्धी पोरं माझ्या हाताखाली पोहायला शिकली.

आणि आता निशापण. पोहता येत नसलं तरी चालतं म्हणे. म्हणजे मग त्यात राहिलं काय?

तिला म्हटलं, तू कशाला, भिशील. म्हणाली, "बघते तर खरं. नाही जमलं तर वर येईन."

लग्नाला सोळा वर्षं झाली. पहिल्याच वर्षी तिने विचारलं होतं, मला शिकवाल का पोहायला. मी म्हणालो होतो, घाटावर बायका पोहतात का कुठे. पुन्हा तिने विषय काढला नाही. आज का कोण जाणे, ते आठवलं.

१७ मे, बुधवार. कोह ताओ

पोचलो. बोटीत मला उलटी झाली, तिला नाही.

१८ मे, गुरुवार

आज हौदात शिकवणी. शिकवणारा आपलाच निघाला — चंदन, पोर्ट ब्लेअरचा, तिशीचा. हिंदी बोलतो, बरं झालं. मी त्याला सांगितलं की मी स्विमिंगचाच मास्तर आहे. तो म्हणाला, "बढ़िया है सर, लेकिन तैराक लोगों को पहले तैरना भूलना पड़ता है."

आवडलं नाही.

पहिला नियम — श्वास रोखायचा नाही. कधीच नाही. टाकीतली हवा छातीत कोंडून वर आलं तर ती फुगते आणि फुप्फुस फाटतं. समजलं सगळं, पण छातीला कसं समजावणार? माझं नावच त्यावर झालंय. राजघाटावर दोन मिनिटं दहा सेकंद! कौतिककाका घड्याळ धरून काठावर मोजत होते. इथे पाण्याखाली गेलो की आपोआप श्वास कोंडतो. चंदन समोर येऊन हाताने खूण करतो — सोडा, सोडा.

मग पाण्याखालीच मास्क काढून परत घालायचा आणि नाकाने फुंकून आतलं पाणी बाहेर घालवायचं. मी नाकात पाणी ओढून ठसकत वर आलो. दोनदा. तिसऱ्यांदा जमलं.

निशाला पहिल्यांदाच.

चंदनने विचारलं, "भाभी, डर नहीं लगा?" तर म्हणते, "तहसील में साहब चिल्लाते हैं ना, तब मैं ऐसे ही साँस लेती हूँ. धीरे-धीरे." सगळे हसले. मीही हसलो. बारा वर्षं ती रोज बसने खकनारला जाते, तहसीलच्या खिडकीवर बसून जमिनीच्या खसरा-खतौनीवरून भांडणाऱ्या लोकांचं ऐकते. साहेब ओरडतात हे मला माहीत होतं. ती तेव्हा श्वास कसा घेते, हे मला माहीत नव्हतं.

१९ मे, शुक्रवार

समुद्रात. सहा मीटर.

आधी पाण्याबद्दल लिहायला हवं. तापीत डोळे उघडले तर हातभर पुढचं दिसत नाही. इथे तळाची वाळू वरूनच दिसत होती. एवढंच लिहितो, कारण बाकी वेळ मी काय पाहिलं ते मला सांगता येत नाही. मी हात मारत होतो. चंदन दोन-तीनदा माझे हात धरून छातीवर ठेवून गेला, जसे लहान पोराचे ठेवतात. तो गेला की मी परत हात मारायचो. दमलो की श्वास जोरात, आणि श्वास जोरात की हवा संपते.

प्रत्येकाच्या टाकीला काटा असतो. दोनशेवर सुरू होतो. पन्नासवर आला की दाखवायचं, म्हणजे सगळे वर. पंचवीस मिनिटांत माझा पन्नासवर आला. मी चंदनला दाखवला. त्याने निशाचा पाहिला.

एकशेवीस.

ती तेव्हा एका दगडापाशी होती. दगडावर जाड बोटांसारखं काहीतरी हलत होतं आणि त्यात नारंगी मासोळ्या शिरत होत्या, बाहेर येत होत्या. चंदनने वर चला अशी खूण केली. ती वर येतानाही खालीच बघत होती.

बोटीवर आमच्यासोबत शिकणाऱ्या दोन जर्मन पोरींनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. चंदन म्हणाला, "भाभी तो मछली हैं." आणि मला, "सर, थोड़ा रिलैक्स."

तुमच्यामुळे लवकर वर यावं लागलं असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. ती म्हणाली, "तुम्हाला थंडी वाजतेय का?" आणि स्वतःचा टॉवेल दिला.

संध्याकाळी मोहितने शेवभाजी केली, बहिणीसाठी मुद्दाम. ती जेवणभर बोलत होती. ती मासोळी कशी जवळ आली, कशी परत घरात पळाली, हाताने करून दाखवत होती. मोहित म्हणाला, "ताई, तू एवढं बोलतेस?"

सोळा वर्षांत मीही एवढं ऐकलेलं नाही. मी म्हणालो, भाजीत मीठ कमी आहे. नव्हतं.

२० मे, शनिवार

आज जे केलं ते लिहून ठेवतो. इथे तरी खरं लिहावं.

सकाळी विश्रांती होती. चंदन खोलीवर आला, निशा आंघोळीला गेली होती. म्हणाला, उद्या लांबच्या खडकावर जायचं, बारा मीटर. तिथे मोठे मासे असतात, कासव दिसू शकतं. "भाभी को ज़रूर ले चलेंगे. सर, ऐसे लोग बहुत कम आते हैं मेरे पास."

मी म्हणालो, "इसको बचपन में दमा था."

कुठून आलं ते मला ठाऊक नाही. ठरवलं नव्हतं. निशाला साधा खोकलासुद्धा वर्षातून एकदा होतो.

चंदनचा चेहरा उतरला. "फॉर्म में तो नहीं लिखा."

"भूल गई होगी."

तो म्हणाला, दमा असेल तर डॉक्टरच्या कागदाशिवाय नेता येत नाही, सहा मीटरलाही न्यायला नको होतं. माझ्याकडे असं बघत होता जसं मी तिचा जीव वाचवला. मी मान हलवली.

संध्याकाळी त्याने तिला सांगितलं, माझ्यासमोर. "भाभी, दमा है तो मैं रिस्क नहीं ले सकता. सर ने अच्छा किया बता दिया."

निशाने माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल झटकत होतो. चपलेत वाळू नव्हतीच.

"बरं," म्हणाली.

खोलीत आल्यावर मी वाट बघितली. ती विचारेल, ओरडेल, निदान रडेल. तिने माझे ओले कपडे वाळत घातले आणि झोपली.

२१ मे, रविवार

डाव्या कानाचा पडदा फाटला.

दोराला धरून खाली जात होतो. चार-पाच मीटरला कान दुखायला लागला. नाक दाबून कानांत हवा ढकलायची असते, ती जात नव्हती. चंदनने खुणेने विचारलं, ठीक? मी खूण केली, ठीक. त्याने परत विचारलं. परत तेच केलं मी. वर बोटीवर निशा बसलेली होती आणि मला परत जाऊन असं सांगायचं नव्हतं की पाच मीटरवरून आलो.

बारा मीटरपर्यंत गेलो. मग कानात फट्कन् आवाज आला, गार पाणी आत शिरलं आणि सगळं गोल फिरायला लागलं. वर कुठे, खाली कुठे, कळेना. तिथे काय होतं म्हणून कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. कासव होतं म्हणे. जर्मन पोरींनी पाहिलं.

चंदनने माझं जाकीट धरून हळूहळू वर आणलं. घाबरून मी श्वास कोंडायचो की तो माझ्या छातीवर थाप मारायचा.

मास्कमध्ये रक्त होतं. बोटीवर उलट्या. निशाने माझं डोकं मांडीवर घेतलं, बादली धरली. "हळू श्वास घ्या," म्हणाली. "माझ्यासोबत घ्या. आता सोडा. आता घ्या." मी तिच्यासोबत घेतला. बरं वाटलं. त्याचाही राग आला.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पडदा भरून येईल, पण सहा आठवडे पाण्यात जायचं नाही.

२२ मे, सोमवार

दिवसभर पडून. कानात शिट्टी वाजते. गोळ्यांनी झोप येते.

निशा सकाळी म्हणाली, मोहितसोबत बाजारात जाऊन येते. दोन वाजता आली. चेहरा उन्हाने लाल. माझ्यासाठी पपई आणली होती. मोहितने दिलेला भात एवढा जेवली की मी बघतच राहिलो.

सांगून टाकावं असं वाटलं. "निशा," म्हटलं. ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, पंखा कमी कर.

२७ मे, शनिवार. बऱ्हाणपूर

काल आलो. इथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

संध्याकाळी घाटावरची मंडळी घरी आली — कौतिककाका, गोटू, आणखी चार-पाच जण. कान कसा गेला ते आधी विचारलं. मी म्हटलं, फार खोल गेलो होतो. मग काका म्हणाले, "ते राहू द्या मास्तर, खाले काय दिसलं ते सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि माझ्याकडे काही नव्हतं. एक काटा, दोनशेवरून खाली येणारा, एवढंच पाहिलं मी समुद्रात.

मग मी दगड सांगितला. जाड बोटांसारखं हलणारं सांगितलं. नारंगी मासोळ्या सांगितल्या, कशा आत शिरतात, कशा बाहेर येतात. हातानेही करून दाखवलं, तिने करून दाखवलं होतं तसंच.

निशा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. कधीपासून, माहीत नाही. मी हात खाली घेतले. गोटू म्हणाला, "मग सर?"

ती पुढे आली, कप देत म्हणाली, "त्यातली एक तर यांच्या बोटाशी आली होती. धक्का देऊन गेली. आपल्या घरासाठी भांडते ती, एवढीशी असून."

सगळे वा वा म्हणाले. मला.

ते बोटाशी येणं मला माहीत नव्हतं. जेवताना तिने ते सांगितलं नव्हतं. स्वतःसाठी ठेवलेलं होतं, तेही मला देऊन टाकलं.

मंडळी गेल्यावर मी कपबश्या उचलल्या. एरवी उचलत नाही. तिने पाहिलं. काय बोलू या विचारात मी त्या विसळूनही ठेवल्या.

३० मे, मंगळवार

निशा कामावर रुजू झाली. मी घाटावर गेलो, पायरीवर बसलो. गोटू पोरांना शिकवत होता, माझ्यासारखाच ओरडून — "श्वास रोख, श्वास रोख!" पाण्यात उतरता येत नाही. माझ्याशिवाय कोणाचं काही अडलंही नाही.

परत येताना ठरवलं, आज सांगायचंच. ती सहाच्या बसने आली. दमलेली होती. उद्यावर ढकललं.

१ जून, गुरुवार

नाही सांगितलं.

३ जून, शनिवार

दुपारी चंदनने व्हिडिओ पाठवला. निशा भाजी आणायला गेली आहे. मी तीनदा बघितला.

तारीख २२ मेची. बारा मीटरवरचा तोच खडक. निशा पाण्यात आडवी, हात छातीवर घेतलेले, अजिबात न हलता. खालून कासव जातं. ती त्याच्या मागे जात नाही, फक्त मान वळवून बघत राहते. तोंडातून बुडबुडे निघतात — हळू, एकेक.

खाली चंदनचा निरोप: "सर, भाभी ने कहा था कान ठीक होने तक आपको मत बताना, आपको बुरा लगेगा कि अकेली चली गईं. अब तो आराम होगा, इसलिए भेज रहा हूँ. उस दिन वो सुबह डॉक्टर का काग़ज़ लेकर ही आई थीं, सब क्लियर. दमा उनकी बहन को था, आप दोनों में गड़बड़ा गए थे, उन्होंने समझा दिया. होता है सर."

निशा तीन भावांत एकटी. तिला बहीण नाही.