बंडीचं अस्तर

सेंदाई, जानेवारी

प्रिय आई,

तुला नमस्कार, आणि तक्रारसुद्धा.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. पण ज्या धातूच्या थरात चुंबकत्व असायलाच नको, त्यात ते सहा आठवडे दिसत होतं. शोध लागला म्हणून नाचायचं तेवढं बाकी होतं! काल प्रयोगशाळेत माझे मार्गदर्शक असलेल्या कुरोसाकी सरांनी माझ्या पाठीशी होकायंत्र धरलं, तर काटा गर्रकन फिरला. म्हणाले, "अगं, थर कसला, तूच चुंबक आहेस!"

तू पाठवलेली, मी रोज अंगात घालते ती बंडी उसवली. खांद्यांच्या अस्तरात आठ चुंबक, गुपचूप शिवलेले! चुंबकाने खांदेदुखी जात नाही, हे चुंबकांवरच संशोधन करणाऱ्या मुलीचं तरी ऐकायचं गं! प्रबंधाचं अख्खं प्रकरण फाडलं.

तुझा गुडघा कसा आहे?

चुंबक काढल्यापासून माझा खांदा पुन्हा दुखतोय. हे सरांना कळता कामा नये.

तुझी वैतागलेली,
शिओरी