पेटीतला सूर

तेर, गुरुवार, १३ फेब्रुवारी. दिवेलागण.

येडशीच्या लग्नात वाजवून आत्ताच आलो. अंगात त्राण उरलं नाही. आणि आज तर मी सनईला तोंडसुद्धा लावलं नाही!

तीस वर्षं दादांच्या उजव्या हाताला बसून एकच काम केलं, सूर धरायचं. दादा सनईवर चाल वाजवणार, मी मागं एकच स्वर लांबवत राहणार. ते श्वास घ्यायला थांबले की मी जरा जोर लावायचा, म्हणजे मधली फट कुणाला कळत नाही. ताफ्यात कीबोर्ड आला, पॅड आलं, तरी हे काम माझ्याकडंच होतं. आजपासून ते काम लाइटवरची सूरपेटी करणार. मीच आणायला लावली ना? छातीत दम राहिला नव्हता. मग आता वाईट कशाचं वाटतंय?

बटण दाबलं आणि गप बसलो. पण दादा श्वासाला थांबले की उजवीकडं, माझ्याकडं बघायचे. दर वेळी. पेटी तर डावीकडं ठेवली होती.

येताना जीपमध्ये म्हणाले, "पेटी चांगली हाय रं. थकत न्हाय."

"मग माझ्याकडं काय बघत व्हता?"

"सवय."

आत्ता तोंड धुताना कळलं, दोन्ही गाल ठणकतायत. एक फुंकर मारली नाही, तरी?

म्हणजे दादा बघायचे तेव्हा मी नुसताच गाल फुगवत होतो. दर वेळी.