मंगळवारची शेवटची बाई

१५ नोव्हेंबर १९९९, सोमवार

आले एकदाची टोकावड्याला! मुरबाडला एसटी बदलली, तेव्हा कंडक्टरने माझी ट्रंक पाहून विचारलं, बाई, बदली झाली की सासरी निघालात? बदलीच म्हणायची. जोखमीच्या बाळंतपणांच्या दोन वर्षांच्या डॉक्टरी शिक्षणातले हे शेवटचे तीन महिने. मुंबईच्या वॉर्डात एक हाक मारली की चार माणसं धावायची. इथे गावाबाहेर चार खाटांचा दवाखाना, रत्नप्रभा सिस्टर, जीपवाले महेंद्र आणि मी. आमच्या सरांचा नियम एकच. जी बाई धोक्यात आहे तिचं नाव लाल शाईने यादीत लिहायचं आणि ती मोकळी होईपर्यंत तिला सोडायचं नाही. यादीतली बाई सुटली तर परीक्षेला तोंड दाखवू नका, म्हणतात. माझ्याकडून नाही सुटायची. सिस्टरनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. मी तीन भाकऱ्या हाणल्या.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवार हा इथे गरोदर बायकांचा दिवस. सध्या भाताची झोडणी चाललीय, त्यामुळे सातच जणी आल्या. यादीतलं पहिलं नाव भिमी. वीस-एकवीस वर्षांची, आधीची दोन बाळं पोटातच गेलेली, प्रेशर वाढतंय. बाळाचे ठोके मात्र मस्त, एकशे चाळीस. पोटाला नळी लावून मी ते तिला टेबलावर बोटाने वाजवून दाखवले, तर लाजून तोंडावर पदर घेतला. नवरा जगन म्हणाला, म्याडम, या टायमाला पोर घरी येऊ द्या, दुसरं काय नाय मागत.

दुपारी एकला सिस्टर आणि महेंद्र जीपने वाड्यांवर गेले. मी आवरत होते, तेवढ्यात बाकावर आणखी एक बाई दिसली. रखमी, वरल्या वाडीची, आठवा महिना. नळी फिरवून फिरवून कान दुखला, पण पोटात काहीच ऐकू येईना. तिने विचारलं, जगंल का गो बाय? ती इतकी एकटी वाटली की मी बोलून गेले, मी आहे ना, जगवीन तुझं बाळ. लाल शाईत दुसरं नाव तिचं. पुढच्या मंगळवारी ये म्हटलं.

२० नोव्हेंबर, शनिवार

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे पाचच भरले. संध्याकाळी सिस्टर धसईला घरी जातात, महेंद्रही जातात. मग बोलायला भिंत. आज स्टँडवर जाऊन सोमवारच्या कल्याण गाडीची वेळ विचारून आले. सहज. जायचं थोडंच आहे.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

रखमीच्या बाळाचे ठोके लागले! बारीक, दूरवरचे, पण आहेत! मी अक्षरशः टाळी वाजवली. ती हसली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. हात फार गार होते तिचे.

भिमीचे आज एकशे दहा. हे बरं नाही.

३० नोव्हेंबर, मंगळवार

भिमीचे ऐंशी. लगेच जीपमध्ये घालून मुरबाडला पाठवली. संध्याकाळी परत. तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी: ठोके एकशे चाळीस, उत्तम, आपली नळी तपासून घ्यावी. तिथे एकशे चाळीस कसे? मी माझी नळी माझ्याच छातीला लावून पाहिली. नळीत काही दोष नाही.

रखमी आज जीप गेल्यावर आली. तिच्या पोटात आवाज नव्हता. मी कपाळाला हात लावला. तिने शांतपणे सांगितलं, ती माघारी आली का यील आवाज. ती म्हणजे कोण, हे विचारायचं मला सुचलं नाही.

१ डिसेंबर, बुधवार

सिस्टरनी आज यादी पाहिली आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी इथे माझ्यासारखीच शिकणारी एक डॉक्टर होती. तिने रखमीला मंगळवारी ये म्हणून सांगितलं आणि स्वतःला एकटेपणा सोसेना म्हणून सोमवारच्या गाडीने निघून गेली. रखमी मंगळवारभर बाकावर बसून राहिली. सिस्टर वाड्यांवरून परतल्या तेव्हा आई आणि बाळ दोघंही गेलेली. सिस्टर म्हणाल्या, म्याडम, नाव खोडा, मयत लिहा.

मी म्हटलं, मी ठोके ऐकलेत. त्या म्हणाल्या, कुणाचे?

नाव खोडलं.

७ डिसेंबर, मंगळवार

खोडलेलं नाव सकाळी पुन्हा लाल. जसंच्या तसं.

भिमीचे साठ. जगनला सांगितलं, हिला मुरबाडलाच ठेव, इथे आणू नकोस. कारण काय सांगणार? तो म्हणाला, तिथले डाक्तर बोलले बाळ चांगलंय, तुमीच घाबरवताव. त्याचं तरी काय चुकलं. मी कुणाला सांगू हे? आईला पत्र लिहायला घेतलं, फाडलं.

रखमीकडे गेले नाही. दार लावून आत बसले. ती बाहेर बाकावर होती. मला दारातून ठोके ऐकू येत होते. नळीशिवाय.

१४ डिसेंबर, मंगळवार, दुपारी दीड

सिस्टर आणि महेंद्र औषधं आणायला मुरबाडला. तीनला येतील. भिमी कळा घेऊन चालत आली. बरोबर कुणी नाही, जगन खळ्यावर. प्रेशर एकशे सत्तर. इंजेक्शन दिलं. ठोके —

नाहीत. एकही नाही.

रखमी बाकावर. तिच्या पोटात एकशे चाळीस. भिंतीसुद्धा धडधडतायत —

दोन वाजले

रखमीच्या पाया पडले. म्हटलं, भिमीचं आहे ते, दे. ती म्हणाली, तूच बोललीस जगवीन. त्या आधीच्या डाक्तरबाईवानी तू पण जाशील. समदी जातात.

खरं आहे. गाडीची वेळ मीच विचारून आले होते.

म्हटलं, नाही जाणार. तू मोकळी होईपर्यंत इथेच राहीन. तुझ्याजवळ. कुठेही —

तिने हात धरला. गार.

अडीच

भिमीचे लागले! एकशे वीस — एकशे चाळीस — डोकं दिसतंय —

तीनला दहा

मुलगी. रडली. केवढी रडली! भिमी शुद्धीत. माझी बाई सुटली नाही.

तीन

जीप आली. सिस्टर बाळ गुंडाळतायत. म्हणतायत, म्याडम कुठं? मी त्यांच्यासमोरच —

हाका मारतायत. मी ओ देतेय. महेंद्र म्हणतायत, ट्रंक हितंच हाय. सिस्टर म्हणाल्या, पळाली असंल, त्या मागच्या बाईवानी, येकली पोर.

नाही पळाले! सिस्टर, मी इथे, बाकावर —

भिमीला जीपमध्ये चढवली. तिने मागे वळून पाहिलं, बाकाकडेच. मला वाटलं, हिला तरी —

जीप गेली.

रखमीने सरकून मला जागा दिली. पोटावर माझा हात ठेवलाय. आत सगळं शांत. विचारतेय, आता माझी पाळी ना? मी हो म्हटलं. पण ठोके कुणाचे आणू मी, पुढच्या मंगळवारी जी कुणी पहिली येईल, तिच्या बाळाचे —