बांधावरचा चिखल

अलिबाग तालुका, १९३१

जोमादादास सलाम.

काल उधाणानं मिठागराचा बांध फोडला, तेव्हा हाळी घरोघर गेली, फक्त माझ्या दारात आली नाही. मी बाप्तिस्मा घेतल्यापासून गाव माझ्या हातचं काही घेत नाही. बांधाला खांड पडली तीही माझ्याच पापानं, असं विहिरीवर चाललंय. तरी मी आले आणि चिखलाचे गोळे हातोहात पुढं देणाऱ्या रांगेच्या शेवटी, तुझ्या मागं, उभी राहिले.

मी गोळा तुझ्या पायाशी ठेवायची, तू तिथून उचलायचास. मग पाणी गुडघ्यावर चढलं. खाली ठेवलेला गोळा विरघळायला लागला. मी तो हातातच धरून राहिले आणि मनात म्हटलं, प्रभू, आता तूच बघ.

तू मागं न बघता हात पसरलेस.

मी गोळा दिला. मग दुसरा, मग कितीतरी. सगळ्यांचे डोळे पाण्यावर होते. मला इतका आनंद झाला की तोंडातून आमच्या ख्रिस्ती देवळातलं गीत निघालं. तू दबक्या आवाजात म्हणालास, "ठमे, गप ऱ्हा. ऐकतील." वर्षभरात तू माझ्याशी बोललास ते एवढंच.

आज देवळात आमच्या मंडळीची उपकारस्तुती झाली. तुझं नाव ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

तुला वाचता येत नाही. हे पत्र तू कुणाकडून तरी वाचून घेशील, आणि तुझ्या पोरीचं लग्न तोंडावर आलंय. म्हणून हे पत्र बायबलातच ठेवते. बांधातला कुठला चिखल माझा, ते आता खाडीलाही ओळखता यायचं नाही.

तुझी बहीण,
ठमी