साकवावरनं पलीकडं

मुक्काम हालोल, गुजरात

ती. आईस धनाजीचा दंडवत.

हितं माझं बरं चाललंय. कंपनीतली आमटी गोड असते, पण आता जीभ सरावली. तू गुडघ्याला तेल लावतेस ना?

परवा आपल्या धाकट्या शिवानीचा फोन आला. ऐन लावणीत ग्रामसभा ठेवायची, म्हणजे कुणी येत न्हाई आन कुणी विचारत न्हाई, ही आपल्या गावची जुनी रीत. पण तू चिखलाच्या पायांनी गेलीस म्हणे. ओढ्यावरचा साकव बांधून झाला, असं सरपंचांनी वाचून दाखवल्यावर तू म्हणालीस, "मग चला, समदी त्याच्यावरनं पलीकडं जाऊन येऊ." ओढ्यावर अजून एक फळीसुदिक न्हाई, मी हितं एकटाच हसत बसलो.

मग तिनं पुढचं सांगितलं. त्या दिवसापासून आपल्या खाचरात सावडीला कुणी येत न्हाई. दर साली तू सगळ्यांच्या लावणीला जातेस, आन यंदा तू आन शिवानी दोघीच. मला फोनवर मात्र "उरकत आलं" म्हणालीस. तरव्यातली रोपं पिवळी पडायला लागल्यात, हे किती दिवस लपवणार होतीस?

सरपंच तात्यांशी भांडू नकोस, ते आपल्या भावकीतलेच. पण उत्तर मिळाल्याबिगर उठूही नकोस.

तू तसं म्हणाल्यावर तहकूब केलेली सभा शुक्रवारी आहे ना? मला रजा मिळाली. गुरुवारी सकाळी नसरापूरला उतरतो. शुक्रवारी चिखलात मी असेन. तू पाय धुऊन जा आन पुढं बस.

तुझा
धना